एका फेरीचा हिशोब

मंडळी, ह्या शनिवार-रविवारचा विषय जरा तेलकट आहे. हात काळे करणारा. कोडबिड बाजूला ठेवा, आज आपण गाडीखाली झोपायचंय.

बीएमडब्ल्यूची एक जुनी गाडी आहे. कंपनीच्या आतल्या भाषेत तिचं नाव ई३०. १९८२ साली आली, १९९४ पर्यंत बनत राहिली, चौकोनी तोंडाची आणि चार गोल दिव्यांची थ्री सीरिज. सुमारे २३ लाख गाड्या बनल्या. आज ती गाडी बाळगणाऱ्यांची युरोप-अमेरिकेत एक जमातच आहे. गाडी तीस-चाळीस वर्षांची झाली तरी ही माणसं तिला सोडत नाहीत, सतत काही ना काही खुटखुट चालू. त्यातला एक उद्योग असा, की ई३०चा स्वतःचा स्टिअरिंग रॅक काढायचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे १९९० साली आलेल्या ई३६चा, रॅक तिथे बसवायचा. इंजिनाला हात नाही, रंगाला हात नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळणारसुद्धा नाही.

आणि हे सगळं कशासाठी? तर ई३०चं स्टिअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवायला जवळजवळ चार फेऱ्या लागतात. ई३६ला तीनच्या आसपास. बस्स. एक फेरी वाचवायची!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. पण त्या एका फेरीच्या मागे लागलो आणि बघता बघता दोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो. ही एक फेरी म्हणजे माणसाच्या दंडातली ताकद, रस्त्यातले खड्डे, टायरची रुंदी आणि कंपनीचा काटकसरीपणा ह्या सगळ्यांनी मिळून केलेली तडजोड आहे. चला तर मग, सुरुवातीपासून सुरुवात करू.

म्युनिकचा बग्गीवाला

बैलगाडीला स्टिअरिंग नसतं. दोनच चाकं, बैल वळले की गाडी वळली. भानगड सुरू होते ती चार चाकं आली की. मुंबईतल्या घोडागाड्या, त्या व्हिक्टोरिया, ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असायची. कारण वळताना पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा आणि चाकं गाडीच्या पोटाखाली शिरायची. चाक मोठं असेल तर पोटाला अडकणार. शिवाय आस पूर्ण फिरला की पुढचा आधार आखडतो आणि गाडी कलंडायची भीती.

१८१७च्या सुमारास म्युनिकमधल्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने ह्यावर तोड काढली. आस जागेवरच ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाकं आपापल्या बिजागरीवर वळवायची. आता वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणजे आतलं चाक जास्त वळायला हवं, नाहीतर एक चाक रस्त्यावर घासत जाणार. दोन्ही चाकं जोडणारे दांडे जरा तिरके ठेवले की हा फरक आपोआप साधतो. किती साधी युक्ती!

इंग्लंडमधलं पेटंट मात्र १८१८ मध्ये रुडॉल्फ ॲकरमन ह्या त्याच्या एजंटाने घेतलं. हा ॲकरमनही मूळचा जर्मन, लंडनमध्ये सुंदर चित्रांची पुस्तकं छापणारा प्रकाशक, आणि त्याआधी बग्ग्यांचे आराखडे करणारा. ॲडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ ह्यानेच रेखाटला होता. पेटंटवर नाव ॲकरमनचं, म्हणून आजही ती 'ॲकरमन स्टिअरिंग'. मेकॅनिकलची डिग्री घेऊन दुसऱ्या दिवसापासून जावा लिहायला बसलेल्या माझ्यासारख्या तमाम मंडळींना 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरातलं ते कॉट फाय वजा कॉट थीटा आठवत असेल. त्या समीकरणामागे एक म्युनिकचा कारागीर उभा आहे हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही. लांकेनस्पेर्गर बिचारा नावापुरताही उरला नाही.

गंमत म्हणजे बग्गीवाल्यांनी ही युक्ती फारशी मनावर घेतली नाही. घोडा ओढत असताना त्यांचं अडत नव्हतं. १८८६ मध्ये कार्ल बेंझने पहिली मोटार केली ती चक्क तीन चाकांची, कारण पुढची दोन चाकं नीट वळवायचं कोडं त्याला सुटलं नव्हतं. ते सुटून त्याने पेटंट घेतलं १८९३ मध्ये. आणि गोल स्टिअरिंग व्हील? १८९४ च्या पॅरिस ते रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरोंने आपल्या पानार गाडीला ते लावलं होतं. तोवर बहुतेक गाड्या होडीच्या सुकाणूसारख्या दांडक्याने वळवल्या जायच्या.

पेटी की पट्टी?

आता हातातलं चाक आणि रस्त्यावरचं चाक ह्यांच्या मध्ये काय ठेवायचं हा प्रश्न. थेट जोडलं तर वळवायला पैलवान लागेल, आणि एखादा खड्डा लागला की हात मनगटातून निसटतील. मध्ये गिअर हवेत.

त्याचे दोन घराणे पडले. पहिलं घराणं पेटीचं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखा वर्म गिअर, तो एका बंद पेटीत, आणि पेटीतून निघालेला हात दांड्यांच्या साखळीतून चाकं ढकलतो. फायदा असा की थोड्या जोरात जड चाकं हलतात आणि रस्त्याचे धक्के पेटीतच बरेचसे मरतात. तोटा असा की सांधे पुष्कळ. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो आणि काही वर्षांनी स्टिअरिंगला प्ले येतो. म्हणजे तुम्ही दोन बोटं फिरवलं तरी गाडी ढिम्म, तिला जाग येते तिसऱ्या बोटाला.

दुसरं घराणं पट्टीचं, म्हणजेच रॅक अँड पिनियन. एक आडवी दातेरी पट्टी म्हणजे रॅक. तिच्यावर एक छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. पिनियन फिरला की पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि दोन टोकांचे टाय रॉड चाकांना ढकलतात-ओढतात. सुटे भाग कमी, प्ले कमी, आणि रस्ता कसा आहे ते हाताला थेट कळतं. सित्रोएनने १९३६ मध्ये आपल्या ट्रॅक्सिओं आव्हाँला रॅक दिला. १९४८ मध्ये ॲलेक इसिगोनिसच्या मॉरिस मायनरने तो सामान्य माणसाच्या गाडीत आणला.

इथे आपल्याकडची एक मजा सांगतो. ज्या ॲम्बॅसडरला आपण सरकारी रणगाडा म्हणून हसायचो, ती ह्याच मॉरिस घराण्यातली. मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेली. तिला पहिल्यापासून रॅक अँड पिनियन! आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, ॲम्बॅसडरपेक्षा चपळ म्हणून मिरवणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, ती मात्र वर्म गिअरच्या पेटीची. दिसण्यावर जाऊ नये म्हणतात ते खोटं नाही.

चार मिलिमीटर

आता मूळ मुद्दा, ती एक फेरी. थोडं गणित करू, घाबरू नका, पाचवीचं आहे.

समजा रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४० मिलिमीटर सरकतो. चार फेऱ्यांत एवढं सरकायचं तर एका फेरीला ३५ मिलिमीटर. तीन फेऱ्यांत सरकायचं तर एका फेरीला ४७ मिलिमीटरच्या आसपास. पिनियनच्या परिघाएवढी पट्टी एका फेरीत सरकते, म्हणून परिघाला पायने भागलं की पिनियनचा व्यास मिळाला. पहिला सुमारे ११ मिलिमीटर, दुसरा सुमारे १५. दात तिरके असतात, त्यामुळे खरा हिशोब थोडा वेगळा येतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. म्हणजे ज्या फरकासाठी लोक अख्खा शनिवार गाडीखाली काढतात तो फरक फक्त चार मिलिमीटरचा!

मग पहिल्यापासून १५चाच पिनियन का नाही घातला? कारण पहारीचा नियम. दगड हलवताना पहार लांबून धरली तर जोर कमी लागतो पण हात जास्त फिरवावा लागतो. जवळून धरली तर हात कमी फिरतो पण दम निघतो. सायकलच्या गिअरचंही तेच. निसर्गाच्या दुकानात सूट नाही. चार फेऱ्यांचं काम तीन फेऱ्यांत करायचं तर प्रत्येक फेरीला तिसरा हिस्सा जास्त जोर लावावा लागणार. उभ्या गाडीत, रुंद टायर असतील तर, हे चांगलंच जाणवतं.

ह्यातून सुटका करणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस डेव्हिस. अमेरिकेत पीअर्स-ॲरो कंपनीत ट्रकवर काम करणारा इंजिनिअर. ट्रकचं स्टिअरिंग फिरवताना ड्रायव्हरचे होणारे हाल त्याने पाहिले होते. नोकरी सोडून स्वतःची छोटी कार्यशाळा काढली आणि १९२६ पर्यंत तेलाच्या दाबाने मदत करणारं पॉवर स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने करार केला आणि मंदीच्या दिवसांत १९३४ मध्ये तो गुंडाळला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना ते लागलं. रोजच्या वापरातल्या मोटारीत मात्र ते आलं १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये, तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारावर. २५ वर्षं! आपल्याकडे एखादं फीचर दोन रिलीज पुढे ढकललं तर आपण रडतो...

पॉवर स्टिअरिंग आलं म्हणजे जोराचा प्रश्न मिटला. मग फेऱ्या लगेच कमी व्हायला हव्या होत्या, नाही का? तशा त्या झाल्या नाहीत, आणि ई३० हे त्याचं उत्तम उदाहरण.

हळू स्टिअरिंगचं शहाणपण

ई३०च्या छोट्या मॉडेलांना साधं स्टिअरिंग यायचं. तिथे चार फेऱ्या समजू शकतो, जोर हाताचाच होता. पण पॉवर स्टिअरिंगवाल्या ई३०लाही फेऱ्या चारच्या आसपासच. १९८६ च्या एम३ला, म्हणजे शर्यतीसाठी खास केलेल्या गाडीला, थोडा चपळ रॅक मिळाला. पण थोडाच.

कंपनीने असं का केलं असेल? माझा तर्क असा. एकतर जर्मनीत गाडी मोटरवेवर सणसणीत वेगाने पळते. १८० च्या वेगाला चालकाला शिंक आली आणि हात अर्धा इंच हलला तर गाडीने लेन बदलू नये. दुसरं म्हणजे ई३०चं मागचं सस्पेन्शन. त्याला सेमी-ट्रेलिंग आर्म म्हणतात. मागची चाकं तिरक्या बिजागरीवर झुलतात, त्यामुळे वर-खाली होताना त्यांची दिशाही किंचित बदलते. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग बाहेर झेपावायला बघतो. अशा गाडीला फार चपळ स्टिअरिंग देणं म्हणजे तापट माणसाच्या हातात विळा देण्यासारखं. हळू स्टिअरिंग चालकाच्या घाईला गाळणी लावतं.

मग १९९० मध्ये ई३६ आली. मागे नवं मल्टिलिंक सस्पेन्शन, वळणावर पुष्कळ शहाणं. टायर रुंद, रस्त्याची पकड वाढलेली. कंपनीला वाटलं असेल आता हरकत नाही, आणि फेऱ्या तीनवर आल्या.

आता कळतं की रॅकमधली ती संख्या एकटी नव्हती. तिच्या मागे मागचं सस्पेन्शन होतं, टायर होते, पंप होता. मग नवीन गाडीचं उत्तर उचलून जुन्या गाडीच्या प्रश्नाला चिकटवलं तर चालेल का? हा नुसता तात्त्विक प्रश्न नाही हो. स्टिअरिंग हा गाडीतला असा भाग आहे की तो दगा देतो तेव्हा दुसरी संधी मिळत नाही.

ह्याचं उत्तर दिलं खुद्द बीएमडब्ल्यूने, आणि तेही नकळत. १९९४ मध्ये त्यांनी ई३६ची आखूड आवृत्ती काढली, कॉम्पॅक्ट. १९९५ मध्ये झेड३ नावाची दोन माणसांची उघडी गाडी आली, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्गच्या नव्या कारखान्यात बनलेली. जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय'मध्ये चमकलेली तीच. ह्या दोन्ही गाड्यांचा पुढचा भाग ई३६चा, आणि मागचं सस्पेन्शन चक्क ई३०चं, जुनं, सेमी-ट्रेलिंग आर्मवालं! जागा वाचते, पैसे वाचतात. आणि झेड३च्या रॅकला तर फेऱ्या तीनपेक्षाही कमी.

म्हणजे हे हौशी लोक गॅरेजमध्ये जी खिचडी करतात तीच खिचडी कंपनीने आधीच शिजवून, तपासून, हमीसकट विकली होती. जुनं शेपूट आणि नवं तोंड. झेड३ वजनाने, लांबीने वेगळी गाडी आहे हे खरं, त्यामुळे हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे. पण निदान कल्पना खुळी नाही एवढं ह्यातून सिद्ध होतं.

गाडीखालचं काम

आता प्रत्यक्ष काम. ई३०चा रॅक पुढच्या आडव्या तुळईला, सबफ्रेमला, बोल्टने घट्ट केलेला असतो. तो काढायचा आणि ई३६चा लावायचा. बोल्टच्या जागा जुळतात! आठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन गाड्या, पण तो सांधा आखणाऱ्याने नवं माप शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. मात्र नव्या रॅकचे कान जुन्यासारखे जाड नसतात, म्हणून मध्ये स्पेसर किंवा वॉशर घालून ती फट भरावी लागते. ई३०च्या स्टिअरिंग दांड्यात मध्ये रबराची एक चकती असते, कंपनं गिळण्यासाठी. नव्या रॅकबरोबर ती जाते आणि तिथे ई३६चा सांधा येतो. दांड्याची लांबी जुळवावी लागते. तेलाचे पाइप जुळवावे लागतात, टाय रॉड जुळवावे लागतात, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट.

रॅकची पैदास बहुतेक वेळा भंगारातल्या गाडीतून. त्यातही दर्दी आहेत. कुणाला झेड३चाच हवा, कुणाला त्याच्या पुढच्या पिढीतल्या ई४६चा जांभळ्या लेबलाचा. आपल्याकडे आंब्याच्या पेटीवरचा शिक्का बघून भाव ठरतो तसं ह्यांचं लेबल बघून.

ऐकायला सोपं वाटतं, पण दोन जागा अशा आहेत जिथे 'बसला म्हणजे झालं' हे चालत नाही.

पहिली जागा रॅकची उंची. टाय रॉड आणि सस्पेन्शनचा खालचा हात हे दोघे खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपापल्या कमानीत फिरतात. ह्या कमानी एकमेकींशी जमायला हव्यात. रॅक थोडा वर किंवा खाली बसला की त्या जमत नाहीत, आणि खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं. तुम्ही हात हलवलेला नसतो, गाडी मात्र दिशा बदलते. ह्याला बंप स्टिअर म्हणतात. तो स्पेसर म्हणजे नुसती भर नाही, त्याच्या जाडीत ही भूमिती दडलेली आहे.

दुसरी जागा तो मधला दांडा. एके काळी स्टिअरिंगचा दांडा सरळ, एकसंध असायचा. समोरासमोर टक्कर झाली की तो भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीत शिरायचा. १९६७ पासून अमेरिकेतल्या गाड्यांत धडकेत दुमडणारे दांडे येऊ लागले आणि १९६८ पासून तिथे तसा नियमच झाला. किती माणसं गेल्यावर हे शहाणपण आलं असेल त्याची कल्पना करा. त्या दांड्याला कुणी आपल्या मनाने कापून वेल्ड मारला तर त्या नियमामागचा सगळा इतिहास एका ठिणगीत पुसला जातो. समजूतदार लोक म्हणूनच कापाकापी न करता कंपनीचेच सांधे वापरतात.

जर्मनीत असा बदल केला तर तो तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. तेव्हा वाचून हुरूप आला असेल तर आधी आरटीओत विचारा, मग पाना उचला.

न लिहिलेला करार

आता माझ्या धंद्याकडे वळतो. आपण ज्याला इंटरफेस म्हणतो तो दोन प्रकारचा. एक लिहून दिलेला, ज्याची हमी आहे. दुसरा न लिहिलेला, जो योगायोगाने तसाच राहिला आणि लोकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. ई३०च्या मालकाला बीएमडब्ल्यूने कधीच वचन दिलं नव्हतं की आमचा पुढचा रॅक तुझ्या गाडीला बसेल. बसतो, कारण कारखान्यातला माणूसही तुमच्या-आमच्यासारखाच. चालणाऱ्या गोष्टीला तो उगाच हात लावत नाही. ज्यात बदल करायचं कारण नाही ते माप तसंच ठेवतो. त्याच्या ह्या काटकसरीतून एक दार उघडं राहिलं आणि तीस वर्षांनी कुणीतरी त्यातून आत शिरलं.

आणि हे दार उघडं राहायला अजून एक कारण आहे. रॅकला आपण कुठे आहोत हे कळत नाही. एका बाजूने दांडा फिरला, तेल आलं, की दुसऱ्या बाजूने पट्टी सरकली. तो विचारत नाही, की बाबा रे, ही गाडी कोणती, तिचा नंबर काय, मला इथे बसवायला परवानगी आहे का.

नवे रॅक विचारतात. १९८८ मध्ये सुझुकीने, हो, आपल्या मारुतीवालीच सुझुकी, जपानमधल्या आपल्या सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आणलं. लहान इंजिनाला तेलाचा पंप ओढणं जड जातं, म्हणून ही युक्ती. पुढे पेट्रोल वाचतं म्हणून सगळ्यांनीच ती उचलली. २००३ मध्ये बीएमडब्ल्यूने फाइव्ह सीरिजमध्ये असं स्टिअरिंग दिलं की ज्याच्या फेऱ्याच वेगाप्रमाणे बदलतात. पार्किंग करताना कमी, हायवेवर जास्त. ज्या एका संख्येवर आपण इतका वेळ बोललो ती संख्याच विरघळली! २०१३ च्या इन्फिनिटी क्यू५० मध्ये हात आणि चाकं ह्यांच्यात तार आली, दांडा फक्त संकटकाळासाठी. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तो दांडाही गेला.

ह्यात वाईट काही नाही. ज्यांचे खांदे दुखतात त्यांना विजेचं स्टिअरिंग वरदान आहे. गाडी लेन सोडू लागली तर तीच सावरते, इंधन वाचतं. मला तेलाचे पाइप गळणाऱ्या काळात परत जायचं नाही. पण एक गोष्ट ह्या सौद्यात हातातून जातेय. विजेचा रॅक म्हणजे मोटर, सेन्सर, कंट्रोलर आणि त्यातलं सॉफ्टवेअर. तो बाकीच्या गाडीशी बोलतो, वेग विचारतो, इंजिन चालू आहे का विचारतो. बोल्ट जुळले तरी बोलणं जुळलं नाही तर मदत बंद. आणि ते बोलणं कसं असावं हे फक्त कंपनीला माहीत. आमच्यासारख्या कुणीतरी ते लिहिलेलं, आमच्यासारख्याच कुणीतरी कुलूपबंद केलेलं.

तरी माणसं गप्प बसत नाहीत. युरोपात ओपेल कोर्साच्या स्टिअरिंग दांड्यावरची विजेची मोटर काढून जुन्या, जड स्टिअरिंगच्या गाड्यांत बसवणारे बरेच आहेत. गाडीकडून काहीच निरोप आला नाही तर ते युनिट हार न मानता एक ठराविक मदत देत राहतं. कुणा इंजिनिअरने विचार केला असणार की बाकी सगळं बंद पडलं तरी माणसाच्या हाताला मदत मिळायला हवी. त्या एका विचारामुळे अनोळखी गाडीतही ते चालतं. मला हा भाग फार आवडतो. त्याने ती सोय केली सुरक्षिततेसाठी, आणि तिचं दार झालं.

म्हणून वाटतं, की आपण जे बनवतो त्याचं आयुष्य आपल्या अंदाजापेक्षा लांब असतं. तीस वर्षांनी ते कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. निरोप आला नाही तर काय करायचं, हे ठरवताना तो माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. दगा देणार नाही एवढं तरी बघावं, आणि जमलं तर बोल्टची जागा उगाच बदलू नये.

असो. फार झालं. आता एक गृहपाठ. संध्याकाळी गाडी काढाल तेव्हा मोकळ्या जागेत, इंजिन चालू ठेवून, अगदी सावकाश पुढे जात स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि फेऱ्या मोजा. वडिलांची किंवा काकांची जुनी गाडी अजून अंगणात असेल तर तिच्याही मोजा. दोन आकडे वेगळे आले, तर मधल्या फरकात काय काय दडलंय ते आता तुम्हाला ठाऊक आहे.